पगारताईंचा शब्द

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या निर्मला पगार कुठल्याही नव्या वस्तूला वर्षभर चांगलं म्हणत नसत. नवा मिक्सर घेतला आणि कोणी विचारलं, "कसा आहे हो?" तर म्हणायच्या, "अजून पाहुणा आहे. पाहुणा चांगलाच वागतो."

हे मिक्सरपुरतंच नव्हतं. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगती बसलेल्या असताना कोण्या नातेवाईक बाईंनी कौतुकाने विचारलं, "जावई कसे वाटले?" पगारताईंनी जिलबी वाढता वाढता सरळ सांगितलं, "वर्ष होऊ दे, मग सांगते." मुलीची सासू शेजारीच उभी होती. ऐकणाऱ्यांना घाम फुटला. पुढच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला पगारताईंनी मुलीच्या सासरी बडोद्याला फोन लावला आणि विहीणबाईंना म्हणाल्या, "तुमचा मुलगा चांगला आहे. आता सांगते." त्या विहीणबाई ही गोष्ट अजून सगळ्यांना सांगतात, आणि सांगताना मुलाला सरकारी बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा करतात.

उंच, किडकिडीत बाई. सुती साडी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि खांद्याला कापडी पिशवी. आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागे. 'मस्त', 'बेस्ट', 'एक नंबर' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मूळच्या सटाण्याकडच्या, पण नाशकात आयुष्य गेलेलं. नवरा लवकर वारला. त्यांनी एका विमा कंपनीत नोकरी केली, तीही दाव्यांच्या टेबलावर. आग लागली, चोरी झाली, पुराचं पाणी शिरलं, की लोक अर्जात काय काय लिहितात, हे त्यांनी नोकरीभर वाचलं होतं.

"खरं आणि खोटं कसं ओळखायचा तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"ओळखू येतं. दुकान खरंच जळलेला माणूस शेवटी भिंतीवरच्या घड्याळासाठी हळहळतो. वडिलांनी आणलेलं होतं म्हणतो. खोट्या दाव्यात घड्याळ नसतं. तिथे सगळा महागातलाच माल जळतो."

त्यांची आणि माझी खरी ओळख झाली ती फ्रीझरमुळे. माझ्या नवऱ्याची अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटली होती. घरात बसून काय करायचं, असा विचार करताना मला माहेरची स्ट्रॉबेरी आठवली. माझं माहेर सुरगाण्याकडचं. हंगामात तिकडून जीपमध्ये स्ट्रॉबेरीची खोकी येतात आणि दोन दिवसांत मऊ पडतात. तिचा गर काढून गोठवला, जोडीला सोललेले मटार, कटलेट, उकडीचे मोदक ठेवले, तर इंदिरानगर-पाथर्डी फाट्याच्या नोकरदार बायका घेतील, अशी माझी अटकळ होती. त्यासाठी मोठा डीप फ्रीझर हवा होता. नोकरी सुटताना मिळालेले पैसे त्यातच घालायचे होते. चुकीचा घेतला असता, तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती.

मी रोज मोबाइलवर अभिप्राय वाचत बसे. एकाच फ्रीझरला कोणी पाच तारे देई, कोणी एक. वाचून डोकं फिरायचं. एका दुपारी पगारताई वाटीभर साखर परत द्यायला आल्या आणि माझा चेहरा बघून पलंगावर बसल्या.

"दाखव," म्हणाल्या.

चष्मा लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पाच ताऱ्यांचे अभिप्राय बोटाने सरकवले. "'पॅकिंग छान होतं, वेळेवर आला.' हा तर टेम्पोवाल्याचा अभिप्राय झाला. फ्रीझर याने अजून लावलेला पण नाही." मग एका ताऱ्याचे. "हा कंपनीवर चिडलाय. चिडका खोटा नसतो, पण त्याला दुसरं काही दिसत नाही." मधल्या कोणाच्या तरी अभिप्रायापाशी त्या थांबल्या. त्या माणसाने लिहिलं होतं की आवाज फार करतो, झाकण उचलताना हात भरून येतो, पण लाइट गेली तरी संध्याकाळपर्यंत बर्फ टिकतो.

"हा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला तक्रार करताना पण एक चांगली गोष्ट आठवते, त्याचं खरं धर."

मला वाटलं, झालं काम. पण त्या म्हणाल्या, "आता उठ. हे नुसतं वाचलेलं आहे. बघायला जायचंय."

"कुठे?"

"कॅम्पात."

देवळाली कॅम्पात फौजी लोकांच्या सारख्या बदल्या होतात. बदली आली की घरातलं जड सामान विकून टाकतात आणि बाजारातल्या दुकानांत कागद चिकटवतात. पगारताईंचा या लोकांवर फार विश्वास होता. बसमध्ये मला समजावून सांगत होत्या, "घेणाऱ्याला विचारू नये. त्याने पैसे घातलेत, तो वाईट कसं म्हणेल? दुकानदाराला तर नाहीच. विकणाऱ्याला विचारावं, का विकतोस म्हणून. त्यातून बदलीवाला असेल तर उत्तमच. त्याला पुन्हा आपलं तोंड बघायचं नसतं."

एका जवानाच्या घरी आम्ही गेलो. त्याची बायको पंजाबकडची, हसरी. खोक्यांचा पसारा पडलेला. मला हवा होता त्याच कंपनीचा, त्याच नावाचा फ्रीझर तिच्या व्हरांड्यात होता. तो क्वार्टरांच्या त्याच लायनीतल्या दुसऱ्या एका बाईने आधीच सांगून ठेवलेला, त्यामुळे तिला आम्हाला काही विकायचं नव्हतं. पगारताईंना हे कळल्यावर त्या जास्तच खूश झाल्या.

जवान मोठ्या अभिमानाने फ्रीझरचं वर्णन करायला लागला. पगारताईंनी ते नम्रपणे ऐकून घेतलं आणि मग बायकोकडे वळल्या. "इसकी बरफ कौन निकालता है?"

"मैं," ती म्हणाली.

"तो आप बताइए."

जवान हसत बाजूला झाला. ती बाई म्हणाली, "दीदी, चीज़ अच्छी है. दो गर्मी निकाली मैंने इसके साथ. बस नीचे से पानी निकालने का छेद छोटा है, उसमें पूरा दिन जाता है." पगारताईंनी झाकण उघडून रबराच्या कडेने बोट फिरवलं. आत डोकं घालून वास घेतला. त्या बाईने दिलेला चहा घेतला, तिच्या पोरीच्या हातावर पाचाची कॅडबरी ठेवली आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "घे. रोज झाकण उघडणारीने सांगितलंय."

मी घेतला. माझा धंदा बरा चालला. मटाराच्या पिशव्या, मोदक, स्ट्रॉबेरीचा गर, सगळं संपायला लागलं. माझं बघून आमच्या महिला गटातल्या आणखी सहा-सात जणींनी घरी तसंच काहीतरी सुरू केलं, आणि सगळ्यांनी तोच फ्रीझर घेतला. दुकानात जाऊन बायका म्हणत, "पगारताई म्हणाल्या तोच द्या."

सिडकोत पगारताईंच्या धाकट्या भावाचं, शरदचं, विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्या दुकानात त्यांनी आजवर कोणालाही पाठवलं नव्हतं. "मी पाठवलं की माझं बोलणं त्याचं होतं," असं म्हणायच्या. पण बायका त्या फ्रीझरचं नाव घेऊन यायला लागल्यावर शरदभाऊंनी आपल्या बुद्धीने गोदामात तो भरून ठेवला. व्यापारी माणूस, त्यात त्यांचं काय चुकलं?

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या, पाथर्डी फाट्याच्या सुनंदाचा फ्रीझर बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, गॅस गळतोय, आणि पाइप फ्रीझरच्याच भिंतीच्या आत बुजवलेले, दुरुस्ती होणार नाही. आठवड्याभरात माझा गेला. दुपारी झाकण उघडलं तर आतली हवा कोमट. मेकॅनिकने तेच सांगितलं. हमीची मुदत संपलेली होती. आत लग्नाच्या एका ऑर्डरचे मोदक आणि हंगामभराचा गर होता. मी जमिनीवर बसून रडायला लागले.

पगारताईंनी मला समजावलं वगैरे काही नाही. त्या माझ्या स्वयंपाकघरातून परात घेऊन आल्या. परातीत पिशव्या भरल्या आणि जिन्याने वर गेल्या. प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून म्हणत होत्या, "तुमच्या फ्रीजचा वरचा कप्पा बघू." कोणाचा बर्फाचा ट्रे बाहेर काढला, कोणाची आइस्क्रीमची डबी मुलांना तिथल्या तिथे खायला लावली. ज्या दोन घरांशी आमची पार्किंगवरून बोलाचाल बंद होती, त्यांच्याकडेही गेल्या. मी परात धरून मागे. अख्ख्या इमारतीच्या फ्रीजमध्ये माझे मोदक वाटून ठेवले गेले. स्वतःचा फ्रीज तर त्यांनी पूर्ण रिकामा केला आणि त्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पिशवीतलं ताजं दूध आणून भागवलं. ऑर्डर वेळेवर गेली.

सगळं आवरल्यावर त्या माझ्या बंद फ्रीझरसमोर स्टूल ओढून बसल्या. मग एकट्याच बस पकडून कॅम्पात गेल्या. ती पंजाबी बाई केव्हाच बदलून गेली होती, पण तिचा फ्रीझर त्याच लायनीत दुसऱ्या घरी होता आणि ठणठणीत चालू होता. पगारताईंनी त्या घरच्यांना विनंती करून तो भिंतीपासून पुढे ओढायला लावला. त्याच्या पाठीला बाहेरून काळी जाळी होती, पाइप उघडे दिसत होते. आमच्या फ्रीझरची पाठ गुळगुळीत. नाव तेच, रंग तोच, आतली बांधणी कंपनीने बदललेली.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मी विचारलं ते जुन्याबद्दल आणि सांगितलं नव्याबद्दल," म्हणाल्या. "पाठ बघायला हवी होती."

"ताई, हे कोणाला कळणार होतं?"

"मला कळायला हवं होतं. लोकांनी माझं नाव घेऊन घेतलाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं, तसं करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या सांगण्यावरून तो फ्रीझर घेतला होता, त्या प्रत्येकीच्या घरी त्या गेल्या. मे महिन्याचं ऊन. फोन करून चाललं असतं, ग्रुपवर चार ओळी टाकून चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "चांगला म्हणताना मी समोर बसून म्हटलं होतं." मी सोबत गेले, एकटीने उन्हात फिरू नये म्हणून.

बहुतेक घरी फ्रीझर नीट चालू होते. बायका गोंधळून जात. "ताई, आमचा तर मस्त चाललाय."

"चाललाय ते चांगलंच आहे. पण तुम्ही तो माझ्या शब्दावर घेतलात. तो शब्द मी परत घेते. आत एका वेळी किती माल ठेवायचा ते आता तुमचं तुम्ही ठरवा. आणि पुढे कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

एवढंच बोलून उठायच्या. सरबतही घ्यायच्या नाहीत.

सुनंदाकडे मात्र तिचा नवरा दारातच उभा होता. त्याने आम्हाला आत घेतलं नाही. "कंपनीकडून किती मिळाले हो तुम्हाला?" तो ओरडला. "आता वाटणीवरून वाजलं असेल, म्हणून फिरताय दारोदार!" शेजारची दारं उघडली. पगारताई मान खाली न घालता उभ्या राहिल्या. त्याचं बोलून झाल्यावर आपल्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं नुकसान झालंय. तुम्ही बोलणारच. मी चांगला म्हटलं होतं, ते चुकलं, एवढं सांगायला आले होते."

जिना उतरून त्या शेवटच्या पायरीवर बसल्या. मला राग आवरत नव्हता. "तुम्ही एक पैसा घेतला नाही, हे सांगायचं नाही का त्याला?"

"ते सांगितलं असतं, तर मी माझी बाजू मांडायला गेले असं झालं असतं," त्या पदराने मान पुसत म्हणाल्या. "मी माझ्यासाठी गेले नव्हते."

त्या माझ्याहून वयाने मोठ्या, पण तेव्हा पहिल्यांदा मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला. लावला नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

घरी येऊन त्यांनी माझ्याकडून ते अभिप्रायांचं पान उघडून घेतलं आणि स्वतःच्या पूर्ण नावाने मराठीत लिहिलं: "हा फ्रीझर मी चांगला म्हटला होता. जुना चांगला होता. नव्याचे पाइप भिंतीच्या आत आहेत. आमच्याकडे दोन घरी गॅस गळून बंद पडला, दुरुस्त झाला नाही. बाकी घरी चालू आहे. झाकण घट्ट बसतं."

ते शेवटचं वाक्य मी काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "का? बसतंच ना."

बातमी सिडकोत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी शरदभाऊ आले. मी पगारताईंकडे भाजी निवडत बसले होते. उठायला लागले तर ताईंनी हाताने बस म्हटलं. शरदभाऊ आधी मऊ बोलले. गोदामात माल पडून आहे, गिऱ्हाईक दारातूनच परत जातंय, ते लिहिलेलं तेवढं काढून टाक म्हणाले. निदान नाव तरी काढ.

"शरद, तू विक. विकू नको असं मी म्हणत नाही. पण मला कोणी विचारलं तर मी सांगणार."

तेव्हा त्यांचा तोल गेला आणि ते घरच्या बोलीवर आले. "ताई, तू मनी बहीण शे का लोकेसनी?" माझी बहीण आहेस की लोकांची, असं विचारत होते.

पगारताईंचा हात भाजीवर थांबला. समोर राहूनही मी त्यांच्या तोंडून कधी अहिराणी ऐकली नव्हती. "तुनीच शे," त्या म्हणाल्या. "म्हणीसन सांगस."

तुझीच आहे, म्हणून सांगते. शरदभाऊ चहा न घेता निघून गेले. त्या वर्षी भाऊबीजेला ते आले नाहीत. ताईंनी पाट मांडून ठेवला होता, निरांजन तयार होतं. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला बोलावून त्यांनी त्याला ओवाळलं आणि म्हणाल्या, "तूच आहेस आता समोर." हसून म्हणाल्या, पण आम्ही दोघंही त्या रात्री नीट जेवलो नाही.

मी पुढे एका बंद पडलेल्या आइस्क्रीम पार्लरचा जुना फ्रीझर घेतला. तोही पगारताईंनीच शोधला. घेताना बजावलं, "हा चांगला आहे असं मी म्हणत नाही. याला जे व्हायचं ते होऊन गेलंय, एवढंच म्हणते." तो आजही चालतो.

पुढच्या उन्हाळ्यात ते नवे फ्रीझर भराभर बंद पडायला लागले. गटातल्या आणखी तिघींचे गेले. पण त्यांनी माल थोडाच ठेवला होता, त्यामुळे नुकसान फार झालं नाही. ज्या दुकानदारांनी तो खपवला होता, त्यांच्या काउंटरवर रोज भांडणं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर फोन उचलेना. शरदभाऊंकडे भांडायला कोणी आलं नाही. त्यांनी पडून राहिलेला माल आदल्या वर्षीच वितरकाला तोटा खाऊन परत केला होता. त्यांच्याकडून खपलेले एक-दोनच होते.

त्या भाऊबीजेला ते आले. हातात साडीचं पाकीट होतं आणि दारात उभं राहून चप्पल काढायला फार वेळ लावत होते. मी माझ्या दारातून बघत होते. पगारताई बाहेर आल्या, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास. बस पाटावर." फ्रीझरचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि माझ्या माहितीत पुढेही कधी निघाला नाही.

नंतर पगारताईंच्या गुडघ्यांनी जिना चढायचं नाकारलं आणि शरदभाऊ त्यांना आपल्याकडे सिडकोत घेऊन गेले. दुकानावरच त्यांचं घर आहे. आमचं भेटणं कमी झालं. मध्ये एकदा फोनवर त्यांनी माझ्या कटलेटबद्दल विचारलं आणि मी सगळं एकदम छान चाललंय म्हटल्यावर गप्प राहिल्या. मग मला बटाटे मिळत नाहीत, मदतीची बाई टिकत नाही, हे सगळं सांगावंच लागलं. तेव्हा त्यांना बरं वाटलं.

त्या वारल्या त्याच्या साधारण महिनाभर आधी मी ऑर्डर पोचवायला सिडकोत गेले होते. रिक्षा त्यांच्या दुकानाच्या दाराला लागूनच सिग्नलला थांबली. दुकानात दाराजवळ, पंख्याखाली, एका खुर्चीवर पगारताई बसलेल्या होत्या. पाय छोट्या स्टुलावर ठेवलेले. खूप वाळल्या होत्या. समोर एक नवं जोडपं उभं होतं. मुलीच्या हातात हिरव्या चुड्याची किणकिण. काउंटरमागे शरदभाऊ हिशेब सोडून ऐकत होते.

"घरात माणसं किती?" पगारताई विचारत होत्या.

"आम्ही दोघंच."

"मग डीप फ्रीझर कशाला? आहे त्या फ्रीजचा वरचा कप्पा भरतो का कधी?"

त्या मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. दोघं हसली. शरदभाऊंनी कपाळाला हात लावला. जोडपं रिकाम्या हातांनी बाहेर पडलं. शरदभाऊंनी थर्मासमधून चहा ओतला, बशीत घातला, फुंकर मारून निवू दिला आणि बहिणीच्या हातात दिला.

मी रिक्षातून हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, ओळखलं आणि हात उचलला. तेवढ्यात एक बाई दुकानात शिरून त्यांच्यापुढे वाकली, काहीतरी विचारायला. पगारताईंनी बशी खाली ठेवली आणि तिच्याकडे कान केला. सिग्नल सुटला.